ओटी नर्सचं मत फिरतं, त्यावर अर्ध्या तासाची फिल्म: पटकथेत काय खटकेल?

खानापूर_युवक:

नमस्कार मंडळी. आमच्या पॅरिशचं युवक मंडळ अर्ध्या तासाची मराठी फिल्म करणार आहे. गोष्ट अशी की बेळगावातल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये सुनीता बारा वर्षं ओटी (ऑपरेशन थिएटर) नर्स आहे. गर्भपाताच्या केसेस हा तिच्या रोजच्या कामाचा भाग आणि त्यात तिला काही वावगं वाटत नाही. मग एका केसनंतर तिचं मत फिरतं. कल्पना 'अनप्लॅन्ड' या २०१९ च्या अमेरिकी फिल्मवरून सुचली. त्यात टेक्सासमधल्या ब्रायन इथल्या क्लिनिकची संचालक ॲबी जॉन्सन सोनोग्राफीचा पडदा बघून २००९ मध्ये नोकरी सोडते.

खर्डा ४६ पानांचा झालाय. हाताशी साठ हजार रुपये, एक कॅमेरा, दोन लाईट. अडचणी अशा आहेत:
सोनोग्राफीचा प्रसंग ठेवावा का आणि कसा?
हॉस्पिटलातल्या कागदपत्रांत, कायद्यात आमच्याकडून काय चुकू शकतं?
शेवटी सुनीता एका पेशंटचं नको असलेलं बाळ मूल नसलेल्या ओळखीच्या जोडप्याच्या हातात देते. चालेल ना?
आणि चर्चच्या हॉलमध्ये दाखवायला काही परवानगी लागते का?

पडद्यामागे:

आधी पानं कमी करा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, तेव्हा १६ पानं जाणारच. पहिली कात्री क्लिनिकच्या कुंपणाबाहेरच्या निदर्शनांना लावा, म्हणजे खर्ड्यात असतील तर. असतीलच असं धरून चालतो, कारण ती फिल्म बघून लिहायला बसलेला प्रत्येकजण ती घालतो. अमेरिकेत गर्भपाताचं क्लिनिक वेगळं असतं, त्याच्या दारात माणसं उभी राहून प्रार्थना करतात, भांडतात. आपल्याकडं ज्या नर्सिंग होममध्ये बाळंतपण होतं तिथंच हेही होतं. टिळकवाडीत असो नाहीतर निपाणीत, इमारत एकच असते. पाच नंबरच्या खोलीत पाहुण्यांना कुंदा वाटला जातोय आणि सहा नंबरमधली बाई पिशवी घेऊन मागच्या जिन्यानं उतरतेय. सुनीताच्या हातात कुणीतरी कुंद्याचा द्रोण ठेवतं आणि तोच हात पुसून ती सहा नंबरच्या डिस्चार्जवर सही करते. कुंपणापेक्षा हे कितीतरी जास्त बोलतं, खर्चही नाही.

आता मत फिरण्याबद्दल. अशा फिल्मा पडतात त्या श्रद्धेमुळं नव्हे, घाईमुळं. पहिल्या दहा मिनिटांत फादरांचं प्रवचन, मग प्रसंग, मग व्हायोलिन. बघणाऱ्याला उत्तर आधीच कळलेलं असतं. सुनीताचं जुनं मत ज्यांचं आजही आहे अशी माणसं हॉलमध्ये बसलेली असणार. पहिल्या आठ मिनिटांत त्यांना वाटलं पाहिजे की ही बाई आपल्यातली आहे. म्हणून तिच्या जुन्या मताची सगळ्यात भक्कम कारणं तिच्याच तोंडी द्या. गावठी इलाजानं सेप्टिक होऊन आलेली बाई तिनं पाहिलीय. नवरा मारतो म्हणून तिसरं मूल नको म्हणणारी पाहिलीय. ती कारणं लेखकानं हळूच पोकळ केली की प्रेक्षकाला कळतं, आणि तो तिथंच उठतो.

मत एका फटक्यात फिरवू नका. आधी तिला काहीतरी दिसू दे आणि ती ते झटकून टाकू दे. नंतर कारण न सांगता ती काहीतरी वेगळं वागू दे, जसं मंगळवारची ओटी ड्यूटी मैत्रिणीशी बदलून घेणं. बोलून दाखवणं सगळ्यात शेवटी, तेही कुणी विचारल्यावरच. मधला टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि त्यालाच तो द्यावा. ड्यूटी चार्ट हाच तुमचा खरा पडदा. मॅट्रन विचारते, "परत बदललीस?" याहून मोठा संवाद लागत नाही.

आणि किंमत दाखवा. ओटी भत्ता जातो, मैत्रिणीवर कामाचा बोजा येतो, ती चिडते आणि तिचं चिडणं बरोबरही असतं. किंमत नसलेलं मतांतर जाहिरातीसारखं वाटतं.

ओटी_टेबल:

वैद्यकीय बाजूचं सांगते. त्या अमेरिकी प्रसंगात ॲबी स्वतः पोटावर प्रोब (सोनोग्राफीचा दांडा) धरते. तो जसाच्या तसा आणलात तर आपल्याकडं सुनीता गुन्हेगार ठरेल. पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याप्रमाणं गरोदर बाईची सोनोग्राफी फक्त पात्र आणि नोंदणीकृत डॉक्टरनंच करायची, नर्सनं नाही. तेव्हा प्रोब डॉक्टरच्या हातात, मॉनिटर डॉक्टरकडं तोंड करून, आणि सुनीता ट्रेच्या बाजूला. तिला पडदा तिरका, अर्धाच दिसतो. प्रसंग म्हणूनही हेच बरं.

दुसरं, पहिल्या बारा आठवड्यांत गर्भपात करताना सोनोग्राफी चालू ठेवणं नेहमीचं नाही. मग या केसमध्ये का चालू आहे, याचं कारण एका वाक्यात द्या. आधीच्या सिझेरियनचा व्रण, गर्भाशयाची वेगळी ठेवण, किंवा आत काही राहिल्याची शंका, यातलं कुठलंही चालेल. कारण नसेल तर हॉलमध्ये बसलेल्या चार नर्सेस एकमेकींकडं बघतील आणि तुमची फिल्म तिथंच संपली.

पद्धतही तपासा. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं. त्यानंतर व्हॅक्यूम ॲस्पिरेशन, म्हणजे शोषून काढणं, बऱ्याच ठिकाणी हातानं चालवायच्या ६० मिलीच्या प्लास्टिक सिरिंजनं. घरघरणारं मोठं यंत्र आणि लोखंडी क्युरेट (खरवडायचं हत्यार) दाखवलंत तर फिल्म तीस वर्षं जुनी वाटेल. क्युरेट वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. काही ठिकाणी अजून वापरतात हे खरं, पण मग ते मागासलेलं नर्सिंग होम आहे हे दिसलं पाहिजे.

पडद्यावर काय दिसतं? सहाव्या आठवड्याच्या आसपास आतून केलेल्या सोनोग्राफीत ठोक्याची लुकलुक दिसते, पोटावरून नीट नाही. हातातल्या डॉपलरनं (ठोके ऐकवणारं छोटं यंत्र) ठोका ऐकू येतो तो दहा-बारा आठवड्यांनी. सहाव्या आठवड्याला पोटावर डॉपलर आणि धडधड आवाज, ही या प्रकारच्या फिल्मांतली नेहमीची चूक. तेराव्या आठवड्याला डोक्यापासून बसेपर्यंतची लांबी सुमारे सात सेंटिमीटर असते. हालचाल असते, आठव्या आठवड्यापासूनच असते, पण ती प्रतिक्षिप्त असते. 'अनप्लॅन्ड'मधला गर्भ नळीपासून जीव वाचवायला पळतोय असं दिसतं, त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांनी आक्षेप घेतला तो यासाठीच. वेदना जाणवायला लागणारी मेंदूची जोडणी तेव्हा झालेली नसते, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही हालचाल दाखवा, हेतू दाखवू नका. सुनीताला त्यात काय दिसलं हा तिचा प्रश्न. पडद्यावर खोटं नको.

अजून एक. गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहिनीच्या नळीत अडकलेला असेल तर त्याची पूर्ण वाढ होऊच शकत नाही, उपचार नाही झाला तर बाईचा जीव जाऊ शकतो. अशी केस 'वाचवायला हवी होती' म्हणून अजिबात घालू नका. तसंच रक्तस्राव चालू असताना सुनीता "मी हात लावणार नाही" म्हणते असा प्रसंग असेल तर तो काढा. तिथं तिच्याबद्दलची सहानुभूती जाईल, आणि जावीच.

खानापूर_युवक:

कुंपण होतं की खर्ड्यात, चार पानं! काढतो. ओटीत शूटिंगची परवानगी एक डॉक्टर द्यायला तयार आहेत, मशीनसकट. घेऊ का?

ओटी_टेबल:

चालू ओटी नको. दहा माणसं, केबल, लाईट आत गेले की परत निर्जंतुक करण्यात त्यांचा दिवस जातो. शाळेची प्रयोगशाळा घ्या. हिरवं कापड, स्टीलची ट्रॉली, किडनी ट्रे, छताला एक गोल दिवा, मागं पांढऱ्या टाइल्स. क्लोज शॉटला एवढं पुरतं.

मशीन तर मुळीच नको. सोनोग्राफी यंत्र जागेसकट नोंदवलेलं असतं, ते हौसेनं इकडंतिकडं हलवत नाहीत. जुना मॉनिटर घ्या, त्यावर ॲनिमेशनची वीस सेकंदांची फीत सतत फिरवा. आकार पंख्यासारखा, वर अरुंद खाली रुंद, कडा करड्या आणि दाणेदार. खऱ्या पेशंटची फीत कुणी दिली तरी वापरू नका.

शहापूर_वकील:

कागदपत्रांचं बघू. भिंतीवर दोन फ्रेम हव्यात: एमटीपी (वैद्यकीय गर्भपात) केंद्राचं मान्यतापत्र आणि पीसीपीएनडीटी नोंदणी. शिवाय लिंगनिदान केलं जात नाही हा फलक, आपल्या भागात तो कन्नड आणि इंग्रजीत असतो. नुसता मराठी फलक लावलात तर ते नर्सिंग होम कोल्हापुरातलं वाटेल.

संमतीचा फॉर्म 'सी' असतो, त्यावर सही बाईची. ती १८ वर्षांची झालेली असेल तर नवऱ्याची सही कायद्याला लागत नाही. हॉस्पिटलं मागतात ती स्वतःच्या बचावासाठी. तुमच्या पटकथेत नवरा सही करत असेल तर कुणीतरी म्हणू दे, "नियमात नाही, पण सर घ्यायला सांगतात." १८ खालची मुलगी असेल तर पालकाची संमती आणि वर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) खाली पोलिसांना माहिती देणं आलं. अर्ध्या तासात ते पेलणार नाही, त्या वाटेला जाऊ नका.

मुदत: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर, तेही नियमांत दिलेल्या ठरावीक गटांतल्या बायकांसाठी. २४ च्या पुढं गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. ही २०२१ ची दुरुस्ती. अविवाहित बाईलाही हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा "लग्न नाही झालेलं, म्हणजे बेकायदेशीर" असं वाक्य कुठल्याही पात्राच्या तोंडी असेल तर लगेच दुसऱ्यानं खोडावं.

आता पडदेवाल्यांनी ड्यूटी चार्ट सुचवलाय, त्याच्या जोडीला एक रजिस्टर घ्या. गर्भपाताचं दाखल रजिस्टर गुप्त असतं, पाच वर्षं जपायचं असतं. केसपेपर, ओटी रजिस्टर, फॉलोअप कार्ड यांवर बाईचं नाव लिहायचं नाही, फक्त अनुक्रमांक आणि वर्ष. म्हणजे सुनीताच्या हातात बारा वर्षं आकडेच आलेत. एखादा चेहरा तिला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिसतो आणि कागदावर मात्र दर वेळी नवा आकडा. तिला नाव विचारायची इच्छा होते, विचारता येत नाही. सोनोग्राफीच्या पडद्याशिवायही मत फिरू शकतं, ते इथं.

नाव उघड करण्याबद्दल कायदा कडक आहे. एमटीपी कायद्याचं कलम ५ अ, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणून 'सत्यघटनेवर आधारित' लिहायचा मोह आवरा. फिल्म संपल्यावर खऱ्या नर्सला स्टेजवर बोलवून "तिची एक केस" सांगायला लावणं तर अजिबात नको. खानापूरसारख्या गावात गाव, वय आणि महिना सांगितला की ओळख पटतेच.

तिला नकार देता येतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण फिल्म त्यावरच उभी आहे. आपल्या कायद्यात नर्सच्या सदसद्विवेकासाठी वेगळं कलम नाही. ती राजीनामा देऊ शकते, वॉर्ड बदलून मागू शकते, मिळेलच असं नाही. मालक-डॉक्टर वाईट न दाखवताही "ओटीला दुसरी बाई मिळेपर्यंत थांब" म्हणू शकतात.

बाळाचा शेवट मात्र बदलाच. ओळखीच्या जोडप्याच्या हातात बाळ देणं बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणं गुन्हा आहे. पैसे घेतले नसले तरी दत्तकाचे नियम डावलले म्हणून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसे घेतले तर पाच वर्षांपर्यंत, आणि नर्सिंग होमच्या कर्मचाऱ्यानं घेतले तर तीन ते सात वर्षं. कॉन्व्हेंटच्या दारात ठेवणंही नको. बरोबर वाट अशी: आई बाल कल्याण समितीपुढं जाते, समुपदेशन होतं, समर्पणाच्या कागदावर सही होते, आणि मन बदललं तर बाळ परत मागायला ६० दिवस मिळतात. त्यानंतर नोंदणीकृत संस्थेमार्फत दत्तक. १०९८ ला फोन केला तरी सुरुवात होते. हे ६० दिवस तुमच्या विषयाला किती जवळचे आहेत बघा की! सुनीताचं मत फिरलं, आता त्या आईला फिरवायला कायदा वेळ देतो.

कागवाडचा_वाचक:

एक जोडतो. लिंगनिदान आणि गर्भपात यांची खिचडी करू नका. २०१७ मध्ये आमच्या शेजारच्या, महाराष्ट्रातल्या म्हैसाळला १९ भ्रूण सापडले. हद्द एवढी जवळ की इकडच्या बायका तिकडं, तिकडच्या इकडं. त्यामुळं सीमाभागात 'गर्भपात' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तेच येतं आणि सगळाच गर्भपात बेकायदेशीर असा समज झालाय. मुलगी नको म्हणून आलेली केस घेतलीत तर प्रेक्षक आधीच तुमच्या बाजूनं आहे, सुनीताचं मत फिरण्यात काही उरत नाही. अवघड केस घ्या. दोन मुलं आहेत, नवरा गोव्याला कामाला, बाईनं स्वतः ठरवलंय.

मिस्सा_नंतर:

धार्मिक बाजू थोडक्यात. कन्फेशनचा (फादरांपुढं पापांची कबुली) प्रसंग असेल तर फादर "हे मला बिशपांना विचारावं लागेल" म्हणतात असं लिहू नका. पूर्वी काही ठिकाणी तसं होतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये सगळ्याच धर्मगुरूंना या पापाची क्षमा देण्याची मुभा कायम केली. कन्फेशनमधलं बोलणं फादर नंतर कुणाला सांगतानाही दिसू नयेत, सुनीताच्या आईलाही नाही. पटकथेत ही चूक सर्रास असते.

गाणं हवं असेल तर रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग घ्या. ते १९१९ मध्ये वारले, शब्दांवरचा हक्क कधीच संपलाय. पण यूट्यूबवरचं नवं ध्वनिमुद्रण उचलू नका, त्याचा हक्क वेगळा. हार्मोनियमवर स्वतः गा.

आणि फुले दांपत्याचं नाव फिल्ममध्ये कुठंतरी येऊ द्या, नर्सिंग शाळेच्या भिंतीवरचा फोटो म्हणून का होईना. १८६३ मध्ये पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा विधवांना "असं करू नका" एवढंच सांगितलं नाही, येऊन बाळंत व्हा म्हटलं, खोली दिली. तशा एका आईचं मूल त्यांनी दत्तकही घेतलं, तो यशवंत. सुनीतानं नोकरी सोडली एवढ्यावर फिल्म थांबली तर त्या सहा नंबरच्या बाईला काय मिळालं, असं कुणीतरी विचारेलच.

दाखवून झाल्यावर हात वर करायला लावू नका, पुढं येऊन प्रार्थना घ्यायलाही बोलवू नका. पन्नास बायका बसल्या असतील तर त्यातल्या काहींचा गर्भपात झालेला असणार आणि शेजारी सासू बसलेली असणार. शेवटच्या पाटीवर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ टाका, पाटी वीस सेकंद राहू द्या. कुणाला बोलायचं असेल तर ती नंतर स्वतः येईल.

पडद्यामागे:

परवानगीचं राहिलं. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. हॉलमध्ये लोकांना बोलवून दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन, तिकीट नसलं तरी. त्याला लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचं) मध्ये वयाचे ७, १३ आणि १६ असे तीन टप्पे आहेत. 'ए' मिळालं तर १८ खालच्यांना आत घेता येत नाही, म्हणजे निम्मं युवक मंडळ बाहेर. 'अनप्लॅन्ड'ला अमेरिकेत 'आर' (१७ खालच्यांना मोठ्या माणसाबरोबरच प्रवेश) मिळालं ते रक्त आणि त्या सोनोग्राफीच्या दृश्यांमुळंच. ट्रेमध्ये काय आहे ते दाखवू नका, सुनीताचा चेहरा दाखवा. ती मूळ फिल्मच हॉलमध्ये लावायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर घरच्या ओटीटी वर्गणीवर ते चालत नाही. धार्मिक कार्यक्रमाची सवलत कॉपीराइट कायद्यात आहे, पण ती गाण्या-नाटकांना, चित्रपटाला नाही.

पैसे: कॅमेरा फुकट असेल तर निम्मे आवाजावर घाला. दोन कॉलर माइक, एक बूम. पंखे बंद करून घ्या, पावसाळ्यात पत्र्याखाली शूटिंग नको.

भाषा खरी ठेवा. घरात मराठी, मॅट्रनशी कन्नड, आजीशी कोकणी असेल तर कोकणी. सगळं मराठीत ओढलंत की बेळगाव राहत नाही. कन्नड संवादांखाली मराठी सबटायटल द्या, एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीसच्या आसपास अक्षरं, कमीत कमी दीड सेकंद पडद्यावर. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. तरीही वेगळी फाइल देऊ नका, सबटायटल चित्रातच पक्की करून घ्या. हॉलमधल्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला की जोडाक्षरं फुटतात, 'प्रार्थना'चं 'प् रार् थना' होतं आणि वेलांटी भलतीकडं जाते.

खानापूर_युवक:

पक्कीच करून घेतो. शेवट ६० दिवसांवर न्यायचा विचार आहे, समितीच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर. त्या ऑफिसात फॉर्मवर सही घेताना आईबरोबर आणखी कोण असतं?

शहापूर_वकील:

समितीचे सदस्य असतात, समुपदेशक असते. बरोबर कुणी नातेवाईक असलाच पाहिजे असं नाही. आईला वाचता येत नसेल तर कागद तिच्या भाषेत वाचून दाखवायचा, मराठीत हवा तर मराठीत. सुनीता नर्स म्हणून नव्हे, ओळखीची बाई म्हणून बाहेर बसेल. दार बंद असतं.